बॅकअप दोन महिने फेल होतोय आणि साहेब म्हणतात "बघू", आता काय करायचं?

प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत अकाउंट्सला आहात, आणि कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून आयटीचं लोढणंही तुमच्याच गळ्यात आहे. टॅली आणि ड्रॉइंग्ज एकाच सर्व्हरवर, त्याचा रात्रीचा बॅकअप दोन महिने "फेल्ड" असा मेल टाकतोय, तुम्ही दोन-तीनदा सांगून झालं आणि उत्तर काय, तर "आत्तापर्यंत काही झालंय का? चालतंय ना सगळं? मार्च एंड होऊ दे, मग बघू." उद्या काही झालं तर खापर आपल्यावर फुटेल अशी तुम्हाला भीती वाटतेय. बरोबर वाटतेय, फुटतंच.

मी पुण्याच्या आसपासच्या लहान-मध्यम कारखान्यांचं आणि काही सीए ऑफिसेसचं सपोर्टचं काम बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावर लिहितो. आधीच सांगतो की सर्व्हरवर विंडोजचं कुठलं व्हर्जन आहे, डेटा किती आहे, बॅकअप कुठल्या सॉफ्टवेअरने घेताय यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे फेल का होतोय हे मी इथून सांगू शकत नाही. पण खरं सांगू का, तुमची अडचण ती नाहीच आहे. फेल होण्याचं कारण दहापैकी आठ वेळा किरकोळ असतं, डिस्क भरलेली असते नाहीतर कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो. अडचण ही आहे की तुम्ही साहेबांपुढे जे ठेवताय त्यात त्यांना ठरवण्यासारखं काही नाहीये. "बॅकअप फेल होतोय" हे मालकाला "एसीत गॅस कमी झालाय" असं ऐकू येतं. गार हवा येतेय ना अजून, मग बघू सवडीने.

मालक निष्काळजी असतो असं नाही हो. तोच माणूस मशीनचं स्पिंडल जरा आवाज करायला लागलं की दुपारच्या आत सर्व्हिसवाल्याला बोलावतो, कारण स्पिंडल गेलं तर किती दिवस काम बंद आणि किती रुपये गेले हे त्याला तोंडपाठ आहे. डेटाचा तोच हिशेब त्याच्यापुढे कधी कोणी मांडलेला नसतो. तो मांडायचं काम तुमचं आहे, आणि त्यासाठी आधी तुम्हाला स्वतःला तो माहीत पाहिजे.

म्हणून पहिलं काम, परत तक्रार करायला जाऊ नका. रिस्टोअर करून बघा. म्हणजे हातात जो काही शेवटचा बॅकअप आहे तो एका रिकाम्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. रिकाम्या हा शब्द नीट वाचा. चालू सर्व्हरवर, चालू डेटाच्या फोल्डरवर रिस्टोअर मारलं तर जुना डेटा नव्यावर बसतो आणि बॅकअप तपासायला गेलेला माणूस स्वतःच डेटा घालवून बसतो, असे लोक मी पाहिलेत. टॅलीत रिस्टोअर करताना डेस्टिनेशनचा पाथ वेगळा द्या, किंवा सरळ कुठल्याच नेटवर्कला न जोडलेला ऑफिसचा जुना लॅपटॉप घ्या. कंपनी उघडली की शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे ते बघा, ट्रायल बॅलन्स त्या तारखेच्या चालू डेटाशी जुळतो का बघा, स्टॉक समरी उघडते का बघा. ड्रॉइंग्जच्या फोल्डरमधल्या चार-पाच मोठ्या फाइल्स उघडा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. आणि हे सगळं करताना घड्याळ लावा. सुरुवात किती वाजता केली, काम करण्यासारखी अवस्था किती वाजता आली. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

यात काय काय सापडतं त्याचा एक नमुना सांगतो. भोसरीतला एक मशीनिंगवाला, माणूस शिस्तीचा, रोज संध्याकाळी सातला अकाउंटंटच्या पीसीवर काळी खिडकी उघडायची आणि बंद व्हायची, सगळ्यांना वाटायचं बॅकअप झाला. एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडलेली, वर लाइट लुकलुकतोय. मी डिस्क उघडली तर शेवटचा फोल्डर आठेक महिन्यांपूर्वीचा. कारण काय असेल? जीएसटीच्या डिजिटल सहीसाठीचं डीएससी टोकन. ते यूएसबी टोकन लावलं की विंडोजला आधी एक सीडी ड्राइव्ह दिसतो, त्यात त्या टोकनचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर असतं. कधीतरी पीसी रीस्टार्ट होताना टोकन लावलेलंच राहिलं, त्याने ई हे अक्षर घेतलं आणि हार्ड डिस्क एफ झाली. बॅच फाइल, म्हणजे कॉपीच्या कमांड लिहून ठेवलेली फाइल, बिचारी रोज ई वर कॉपी करायला जायची, तिथे लिहिताच येत नाही, एरर यायची आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत खिडकी बंद. यात कोणी कामचुकारपणा केलेला नव्हता. फक्त आठ महिन्यांत कोणी डिस्क उघडून बघितली नव्हती.

तुमच्याकडे निदान "फेल्ड" असा मेल येतो, हे नशीब समजा. गिटलॅब नावाची सॉफ्टवेअर कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रॅमर तिच्याकडे कोड ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीट कमांड चालवली आणि मुख्य डेटाबेस उडाला. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डेटाबेस बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपचं टूल जुन्या व्हर्जनचं आणि डेटाबेस नव्या व्हर्जनचा. आणि फेल झाल्याचे मेल? ते निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता म्हणून कोणाला मिळालेच नाहीत. एका माणसाने त्या दिवशी योगायोगाने सहा तास आधी टेस्टिंगसाठी कॉपी काढून ठेवली होती, ती वापरून ते उभे राहिले, सहा तासांचा डेटा मात्र गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर केलं हा त्यांचा मोठेपणा. पण आयटी हाच ज्यांचा धंदा त्यांची ही गत, तर आपल्या बॅच फाइलवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

बॅच फाइलवरून आठवलं, ठरल्या वेळी बॅच फाइल चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधल्या "लास्ट रन रिझल्ट" या कॉलमवर भिस्त ठेवू नका. तिथे शून्य दिसलं म्हणजे बॅच फाइल शेवटपर्यंत चालली एवढंच, कॉपी झाली की नाही हे वेगळं. आणि गंमत म्हणजे रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरत असाल तर तिथे एक हा आकडा आला तरी तो चांगला असतो, त्याचा अर्थ फाइल्स कॉपी झाल्या. आठ किंवा त्याच्या पुढे गेला की घोटाळा. रोबोकॉपीचा मिरर ऑप्शन मात्र जपून, तो मूळ फोल्डरमध्ये जे डिलीट झालं ते बॅकअपमधूनही इमानदारीने डिलीट करतो. मग सोमवारी कोणी चुकून फोल्डर उडवला आणि बुधवारी लक्षात आलं तर बॅकअपमध्येही काही नाही.

आता साहेबांना काय सांगायचं त्याकडे येतो. रिस्टोअर करून बघितलं की तुमच्या हातात तीन गोष्टी असतात: डेटा कुठल्या तारखेपर्यंतचा मिळतो, कशाचा बॅकअप मुळातच नाही, आणि परत काम सुरू व्हायला किती तास लागतात. याचा एक छोटा मेल करा. साधारण असा:

"साहेब, काल शेवटचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितला. आज सर्व्हर बंद पडला तर टॅली १२ जानेवारीपर्यंतचीच मिळेल. त्यानंतरची सेल, परचेस, जॉबवर्कची चलनं, बँक एंट्री परत हाताने टाकाव्या लागतील, दोन माणसांना अंदाजे तीन आठवडे. ड्रॉइंग्ज आणि सीएनसी प्रोग्रॅमची दुसरी कॉपी कुठेच नाही. दोन हार्ड डिस्क आणि एक क्लाउड प्लॅन घेतला तर जास्तीत जास्त एका दिवसाचं काम जाईल. कोटेशन सोबत आहे. काय करायचं ते कळवा, तोपर्यंत मी रोज जाताना टॅलीची कॉपी ऑफिसच्या डिस्कवर घेतोय."

तारीख आणि आठवडे तुमचे टाका, माझे नकोत. या मेलमध्ये बॅकअप फेल झाला असं रडगाणं नाही. किती नुकसान झालं तर चालेल एवढाच प्रश्न आहे, आणि तो ठरवायचा अधिकार खरोखर मालकाचाच आहे. कदाचित ते म्हणतील आठवड्याचं गेलं तरी हरकत नाही. म्हणू देत. छोट्या ट्रेडिंगवाल्याला आठवड्याची पन्नास बिलं परत मारणं जमतं, तिथे तासातासाच्या बॅकअपवर खर्च करायला मीसुद्धा नको म्हणतो. पण ते त्यांनी माहिती असताना म्हटलेलं असावं आणि लेखी असावं.

यावर ठरलेली उत्तरं येतात, त्यांची तयारी ठेवा.

"जीएसटी पोर्टलवर आहे ना सगळं." सगळं नाही. तुम्ही भरलेली सेल तिथे दिसेल, सप्लायरने दाखवलेली परचेस पोर्टलवरच्या टू-बी स्टेटमेंटमध्ये दिसेल. पण कोणाकडून किती पैसे आले, कोणाची किती बाकी, स्टॉक किती, जॉबवर्कला गेलेला माल कुठल्या चलनावर गेला, पगार, यातलं काही पोर्टलवर नाही. आणि तुमच्यासारख्या कंपनीत तर अकाउंट्सपेक्षा ड्रॉइंग्जचं जास्त बघा. हिशेब रडतखडत परत उभा राहतो, कागद असतात, बँक स्टेटमेंट असतं. ऑपरेटरने मशीनवर सहा महिने घासून घासून सेट केलेला सीएनसी प्रोग्रॅम, कस्टमरने मंजूर केलेल्या ड्रॉइंगची शेवटची रिव्हिजन, इन्स्पेक्शनचे रिपोर्ट, हे कुठून आणणार? गंमत अशी की बहुतेक ठिकाणी बॅकअप असतो तो फक्त टॅलीचा, कारण टॅलीवाल्याने तेवढं बटण दाखवून दिलेलं असतं. साहेब जर मूळचे प्रॉडक्शनचे असतील तर मेलमध्ये टॅलीच्या आधी सीएनसी प्रोग्रॅमचं वाक्य टाका, लगेच फोन येईल.

"आपल्यावर कोण कशाला हल्ला करेल?" नेम धरून कोणी करत नाही, वाटेत आलात की झालं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. रोख युक्रेनवर होता, पण त्यात मेअर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्या ग्रुपकडे असलेलं आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं टर्मिनल बंद पडलं. मेअर्स्कच्या नेटवर्कचा कणा म्हणजे डोमेन कंट्रोलर (कोणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर), जगभर असलेले सगळे एकमेकांच्या कॉप्या, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली लाइट गेलेली होती. साहेबांना हा किस्सा आवडेल, पण त्यातलं घेण्यासारखं हे आहे की कायम जोडलेल्या कॉप्या एकत्रच मरतात.

"डेटा फार मोठाय, कुठे ठेवणार?" दक्षिण कोरियाच्या सरकारचंही हेच म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीची आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची सिस्टिम होती, ८५८ टेराबाइट, आणि आकार मोठा म्हणून तिचा बाहेर बॅकअपच नव्हता. गेलं सगळं. तुमचा डेटा त्याच्या नखाएवढाही नसेल, माझ्या पाहण्यात अशा कंपनीचा टॅली आणि ड्रॉइंग्ज धरून सगळा डेटा बहुतेक वेळा एका साध्या हार्ड डिस्कवर मावतो.

"गेला तर रिकव्हरीवाल्याकडून काढून घेऊ." डिस्क उघडायची वेळ आली तर बिल हजारोंत जातं आणि लेखी गॅरंटी कोणी देत नाही. सर्व्हरला एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, असेल तर डिलीट झालेल्या फाइल्सची जागा ती स्वतःच मागच्या मागे साफ करते, मग रिकव्हरीवाल्याच्या हाती बहुतेक वेळा काही लागत नाही.

एवढं करून हललं नाही तर सीएंना मध्ये घ्या. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीज अकाउंट्स रुल्स २०१४ च्या नियम ३ मध्ये ऑगस्ट २०२२ ला बदल झालाय, हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेतला पाहिजे. आधी तिथे ठराविक काळाने असं होतं, आता रोज. ऑडिटर आता हे विचारतात आणि नसेल तर ऑडिट रिपोर्टमध्ये तसं लिहितात, आणि तोच रिपोर्ट सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट रिन्यूअलला बँकेत जातो. प्रोप्रायटर किंवा भागीदारी असेल तर हा नियम लागू नाही, पण सीजीएसटीचा नियम ५७ आहे, रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने ते नष्ट झालं तरी वाजवी वेळेत परत उभं करता येईल असा बॅकअप हवा. कायद्याचा धाक शेवटीच दाखवा असं माझं मत आहे. आधीच दाखवला तर साहेबांना वाटतं नोकर आपल्याला शिकवतोय. तेच सीएंच्या तोंडून आलं की दहा मिनिटांत सही होते.

परवानगी मिळाली की काय उभं करायचं, तर फार मोठं काही नको. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक बिल्डिंगच्या बाहेर, हा जुना नियम अजून चालतो. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की सर्व्हरवरचा मूळ डेटा एक, दोन एक्स्टर्नल डिस्क आलटून पालटून, आणि एक क्लाउडवर. दोन डिस्क यासाठी की एक जोडलेली असताना दुसरी काढलेली, कपाटात किंवा साहेबांच्या घरी. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, जोडलेली प्रत्येक डिस्क आणि मॅप केलेला प्रत्येक ड्राइव्ह लॉक करतो, एनएएस (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा) असला तरी तो झेड ड्राइव्ह म्हणून उघडा ठेवलेला असेल तर तोही जातो. एनएएस वापरायचाच तर त्याला वेगळा युजर, वेगळा पासवर्ड, आणि तो पासवर्ड रोजच्या वापरातल्या कुठल्याही पीसीत सेव्ह केलेला नको. बिल्डिंगच्या बाहेर का, ते चिपळूणच्या व्यापाऱ्यांना विचारा, जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात.

क्लाउड म्हणजे गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक नव्हे हे मात्र लक्षात घ्या. सिंक तुमची चूकसुद्धा वर पोचवतं. इथे फाइल लॉक झाली की तिथेही लॉक झालेली फाइल जाते, इथे डिलीट तर तिथेही डिलीट, गुगल ड्राइव्हचं ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामं होतं. जुन्या तारखांच्या कॉप्या ठेवणारी बॅकअप सर्व्हिस घ्या, आणि सर्व्हर भारतात आहे ना ते विचारा, वरच्या नियमासाठी. सर्व्हरमध्ये दोन डिस्कचा रेड आहे, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर एकदम लिहिला जातो, म्हणून बॅकअप नको असंही कोणी म्हणेल. रेड एक डिस्क मेली तर वाचवतो, चुकून केलेलं डिलीट तो दोन्ही डिस्कवर एकाच सेकंदात करतो.

किती वेळाने बॅकअप घ्यायचा हे कामावर आहे. टॅली रोज, आणि सगळे बाहेर पडल्यावर, कारण लोक एंट्री करत असताना फोल्डर कॉपी केला तर कॉपी अर्धवट निघू शकते. ईआरपी (सगळ्या खात्यांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) असेल आणि त्याच्या मागे एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस असेल तर डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, त्याचा स्वतःचा बॅकअप घ्यावा लागतो. फुकटच्या एक्स्प्रेस व्हर्जनमध्ये शेड्युल लावायची सोय नसते, ती वेगळी करावी लागते, ईआरपीवाल्याला हे नक्की विचारा, बऱ्याचदा त्याने लावलेलीच नसते. सीएनसी प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत पडून असतील तर आधी ते सर्व्हरवर आणा, नाहीतर बॅकअप कितीही चांगला असला तरी त्यात ते नाहीतच.

आणि माणसं दोन ठरवा. एक बॅकअपचा मेल रोज बघणार, दुसरा महिन्यातून एकदा रिस्टोअर करून रजिस्टरमध्ये तारीख आणि सही टाकणार. दोन्ही तुम्हीच असाल तर तुम्ही गावी गेलात की सगळं थांबतं. मेल न येणं हीसुद्धा बातमी आहे हे त्या माणसाला शिकवा, यशाचा मेल रोज आला पाहिजे, नाही आला त्या दिवशी उठून बघायचं.

एक मात्र करू नका, काळजीपोटी कंपनीचा डेटा स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या गुगल अकाउंटवर घेऊन घरी नेऊ नका. हेतू कितीही चांगला असू दे, मालकाच्या परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं आयटी ॲक्टच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि उद्या तुम्ही दुसरी नोकरी धरली की तीच पेन ड्राइव्ह तुमच्याविरुद्ध पुरावा होते. जे काय घ्यायचं ते ऑफिसच्या डिस्कवर, ऑफिसच्या कपाटात, आणि मेलमध्ये सांगून.

आता सर्व्हरचं विंडोज व्हर्जन, डेटा किती जीबी, बॅकअपचं सॉफ्टवेअर आणि त्या फेल्डच्या मेलमधली एररची ओळ जशीच्या तशी इथे टाका. कंपनीचं नाव, आयपी ॲड्रेस वगैरे काढून टाका. मग नेमकं कुठे अडतंय ते बघू.